ठिणगीची लाईन

३ मार्च, सोमवार

वहीबाई, माफ कर. फार उशिरा उघडतोय तुला. शेवटचं पान पाहिलं, तर गीझरचा कॉक बदलल्याचं लिहिलंय. त्यानंतर आमच्याकडे केवढी उलथापालथ झाली, आणि तुला पत्ताच नाही!

नात झाली. अडीच महिने आधीच. यायची एवढी घाई कसली होती कोण जाणे. सूनबाईला अचानक दुखायला लागलं, चिरंजीव घामाघूम झाले, आणि मी घरातली सगळी बटणं बंद आहेत का ते बघत फिरत होतो. ही ओरडली, "अहो, पोरगी कळा देतेय आणि तुम्ही पंख्याचं बटण काय तपासता!" मला तसंच होतं. घाबरलो की बटणं तपासतो.

बाळ काचेच्या पेटीत आहे. वजन किलोच्याही आत. नळ्या, वायरी, टिकटिक करणारी यंत्रं. मी जन्मभर वीज कंपनीत वायरमन होतो, खांबावर चढलो, पण एवढ्याशा जागेत एवढ्या वायरी कधी पाहिल्या नाहीत. आणि त्या सगळ्याच्या मधे आमची नात. लाल, सुरकुतलेली, आणि तरी मूठ उगारून! मी तिला ठिणगी म्हणायला लागलो. ही म्हणाली, "ठिणगी काय! शुभ बोला, आग लागायची कुठेतरी." आता सगळेच ठिणगी म्हणतात. हीसुद्धा.

हे आनंदाचं लिहायचं म्हणून रोज म्हणायचो, उद्या निवांत लिहू. आज मात्र भीतीपोटी लिहितोय.

दोन दिवस ती मलूल होती. श्वास घ्यायला विसरायची. खरंच विसरायची! सिस्टर तळपायाला टिचकी मारायची, मग आठवायचं तिला. शेवटी घशात श्वासाची नळी घातली. आज डॉक्टरीणबाईंनी आम्हाला आत बोलावलं. म्हणाल्या, "तिच्या रक्तात बुरशी सापडली आहे."

बुरशी? पावावर येते ती?

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. बाहेर आल्यावर चिरंजिवांना विचारलं. "हो बाबा, बुरशीच म्हणाल्या." बुटावर येते, भिंतीवर येते, ओल्या लाकडावर येते. पण माणसाच्या रक्तात? आणि तिच्या अंगात रक्त असून असून असणार किती!

औषध सुरू केलंय. त्याला उजेड चालत नाही म्हणे, म्हणून नळी झाकून ठेवतात. सूनबाई नुसती माझ्याकडे बघत राहिली. मी काय सांगणार? सातवी शिकलेला माणूस मी.

४ मार्च, मंगळवार

सकाळी सूनबाईच्या खोलीतलं कपाट सरकवलं. मागे भिंतीला ओल, आणि ओलीवर काळे ठिपके!  ब्रश घेतला, बादली घेतली, घासत सुटलो. ही दारात येऊन उभी.

"काय चाललंय?"

"बुरशी. इथूनच गेली असणार."

"कशी गेली? पोटातलं लेकरू भिंत चाटायला येत होतं का?"

तरी घासलीच. खांदे भरून आले. मग पावाचा डबा घासला, बूट उन्हात ठेवले, पायपुसणं फेकून दिलं. हिने पायपुसणं गुपचूप परत आणून वाळत टाकलेलं मी पाहिलंय. 

दुपारी दवाखान्यात. काचपेट्यांच्या विभागाच्या दाराशी जी मोठी सिस्टर असते तिचं नाव मी हातधुवा सिस्टर ठेवलंय. नमस्कार केला तर म्हणते, हात धुवा. बाळ कसं आहे विचारलं तर म्हणते, आधी हात धुवा. कोपरापर्यंत धुवायचे, अंगठी काढून. माझी अंगठी बोटात रुतून बसलेली. साबण लावून, फिरवून फिरवून, ओरडून काढली. लग्नानंतर पहिल्यांदा! हिला सांगितलं तर म्हणाली, "सुटलात एकदाचे."

आत एका वेळी एकच माणूस. बाकीचे बाहेरच्या बाकांवर. तिथे कुलूपवाले असतात. ठिणगीच्या शेजारच्या पेटीत त्यांचा नातू आहे, तोही असाच घाईने आलेला. ह्यांचं कुलपं-किल्ल्यांचं दुकान आहे. जाडजूड, शांत माणूस. बसल्या बसल्या झोपतो आणि घोरतो! मला त्याचा राग येतो. नातू पेटीत असताना झोप कशी लागते माणसाला?

त्यांच्या नातवालाही बुरशीच झालीय. आमच्या दोन दिवस आधी कळलं.

५ मार्च, बुधवार

भांडलो. या वयात, दवाखान्याच्या बाकावर, चारचौघांत!

रात्रभर डोक्यात एकच. त्यांच्याकडे आधी, आमच्याकडे नंतर, आणि मधे हातभर अंतर. सिस्टर त्याच, हात तेच. सकाळी कुलूपवाले दिसले आणि तोंडातून निघूनच गेलं: "तुमच्या पेटीतून आमच्या पेटीत आली ती!"

आधी त्यांना कळलंच नाही. कळल्यावर लाल झाले. "वा! आमचं आधी कळलं म्हणून आमचं आधी झालं का? तुमच्याकडेच असेल मुळात! आमचं पोरगं बिचारं सोसत बसलं!"

"आमची ठिणगी किलोभरसुद्धा नाही, ती काय देणार कुणाला!"

"आणि आमचा काय पैलवान आहे?"

हातधुवा सिस्टर बाहेर आली. आम्ही दोघंही शाळेतल्या पोरांसारखे गप्प. नंतर बाकाच्या दोन टोकांना दोघं. त्यांनी छताकडे बघायचं, मी जमिनीकडे. आणि आमची ही? कुलूपवाल्यांच्या मंडळींबरोबर एकाच थर्मासमधला चहा पीत बसली! मी डोळ्यांनी खुणावलं तर मोठ्याने म्हणाली, "तुम्ही भांडा हो निवांत. आम्ही चहा घेतो."

खोकला सुरू झालाय मला. भिंत घासल्याचा असेल.

६ मार्च, गुरुवार

 अक्षर लागलं नाही तर समजून घे, वहीबाई.

सकाळी हातधुवा सिस्टरने माझा खोकला ऐकला आणि घरी पाठवून दिलं. "आजोबा, खोकला जाईपर्यंत इकडे फिरकायचं नाही." बरोबरच आहे तिचं. घरी आलो. बटणं तपासली. पुन्हा तपासली. दुपारी चिरंजिवांचा फोन. मागे गडबड, आवाज तुटक. "बाबा, ठिणगीची लाईन काढली. नंतर बोलतो."

फोन बंद.

लाईन काढली.

वहीबाई, मी हयातभर लाईन टाकली आणि लाईन काढली. आमच्या कामात लाईन काढली म्हणजे संपलं. यंत्र थांबलं, घर अंधारात गेलं. खांबावरून दोन तारा सोडायच्या आणि शिडी खांद्यावर घेऊन निघायचं. कितीकांच्या काढल्या असतील. घरातली माणसं दारात उभी राहून बघायची, आणि मी मान वर करत नसे.

परत फोन लावला. लागेना. आत जाताना फोन बाहेर ठेवतात हे त्या वेळी आठवायला पाहिजे होतं. पायात काय घातलं कळलं नाही. बसमध्ये एका मुलीने उठून जागा दिली, "बसा काका, बरं वाटत नाही का," म्हणाली. बसलो आणि तसाच पुढच्या स्टॉपवर उठलो, कारण बसवेना. मनात नुसतं येत होतं, विचारल्याशिवाय कशी काढली? मला निदान बोलवायचं. मी फक्त बाहेर उभा राहिलो असतो.

बाकावर कुलूपवाले एकटेच. काल भांडण झालेलं, बोलायचं नाही असं ठरलेलं. माझ्याकडे पाहिलं आणि ताडकन उठले. त्या देहाने इतक्या चटकन उठता येतं हे मला माहीत नव्हतं.

"काय झालं?"

"लाईन काढली."

"कुणाची?"

"ठिणगीची."

तेही मटकन बसले. मला धरून बसले, खरं म्हणजे. माझा हात दोन्ही हातांत घेतला. "अहो असं कसं," म्हणाले, "आत्ता तर सिस्टर हसत गेली इथून." आणि रडायला लागले. म्हणून मीही. दोन म्हातारे, बाकावर, हातात हात. कालचं भांडण कुठल्या कुठे!

तेवढ्यात हातधुवा सिस्टर आलीच. "आजोबा! तुम्हाला घरी पाठवलं होतं ना? आणि तुम्ही, तुम्हाला काय झालं?"

कुलूपवालेच बोलले. "यांच्या नातीची लाईन काढली म्हणे."

"हो, काढली की. मग?"

मग! मला वाटलं, किती दगडाचं काळीज.

मग तिच्या ध्यानात आलं. कपाळावर हात मारून घेतला तिने. "अहो आजोबा, लाईन म्हणजे नळी! मोठ्या शिरेत घातलेली औषधाची नळी. बुरशी त्या नळीला चिकटून बसते, मग वरून कितीही औषध द्या, तिथून पुन्हा रक्तात येत राहते. म्हणून ती काढून टाकली. औषध आता हाताच्या सुईतून चाललंय."

"मग ती—"

"ती रडतेय! श्वासाची नळी घशात आहे म्हणून आवाज येत नाही. पण तोंड केवढं उघडते बघा, आ करून!"

कुलूपवाल्यांनी सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले. "आमच्याही पोराची परवा काढली," म्हणाले. "आमच्या सूनबाई नुसतं 'नळी' म्हणाल्या, म्हणून मी वाचलो!"

इतकं हसलो की खोकल्याची उबळ आली, आणि सिस्टरने दोघांनाही हाकललं. दोघं मिळून खाली गेलो. खाली पाहतो तर माझ्या एका पायात माझी चप्पल आणि एका पायात हिची.

८ मार्च, शनिवार

खोकला कमी. तोंडाला फडकं बांधून बाकापर्यंतच परवानगी.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि आम्हा दोघांसमोर उभ्या राहिल्या. भांडण त्यांच्या कानावर गेलेलं! म्हणाल्या, "एका बाळाचं दुसऱ्याच्या घरच्यांना सांगायचं नसतं. पण तुम्ही दोघांनी माझ्या दारात तमाशा केलात, म्हणून दोन्ही घरांना विचारून सांगते. दोघांच्या रक्तातल्या बुरशीची तपासणी आली. ती एक नाही. वेगवेगळ्या जातीची आहे. त्याची हिला लागलेली नाही, हिची त्याला नाही."

कुलूपवाले म्हणाले, "घ्या! म्हणजे बुरशीतसुद्धा जाती!"

डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. मला वाटत होतं त्यांना हसताच येत नाही.

मग मी भिंतीचं विचारलं. हिने कोपर मारलं, तरी विचारलं. त्या म्हणाल्या, "नाही हो आजोबा, भिंतीवरची नाही. ही तुमच्या-माझ्या अंगावर असते, तोंडात असते, पोटात असते. आपल्याला काही करत नाही. आपली कातडी जाड, अंगात ताकद. हिची कातडी म्हणजे कांद्याचा पापुद्रा. अंगात नळ्या, वर आधीची औषधं. बुरशीला वाट मिळाली, ती आत शिरली."

"मग चूक कुणाची?"

"प्रत्येक गोष्ट कुणाची तरी चूक असते का?"

 मला तर तसंच वाटत आलंय आजवर.

१० मार्च, सोमवार

पुन्हा रक्त तपासलं. अजून आहे.

१२ मार्च, बुधवार

अजून आहे.

रक्ताचं काहीतरी कमी झालंय, ते बाहेरून दिलं. पिशवीतलं पिवळसर. कुणी दिलं असेल? त्या माणसाला माहीतही नसेल की ठिणगी म्हणून कुणी आहे.

१३ मार्च, गुरुवार

सूनबाईला आज मी पाहिलं, तर दवाखान्यातल्या आयांच्या खोलीत यंत्र लावून दूध काढत होती. मी मागे वळलो, तर तिनेच हाक मारली. झालं होतं तिचं. बाटलीच्या तळाशी जेमतेम दूध. ती बाटली अशी धरून बसली होती, जसा आपण दिवा वाऱ्यापासून जपतो.

म्हणाली, "बाबा, तुम्ही तिला ठिणगी म्हणालात ना, तेव्हा मला राग आला होता. वाटलं, ठिणगी म्हणजे विझणारच."

मी म्हटलं, "बदलू आपण. दुसरं काहीतरी म्हणू."

"नको. मी रोज पेटीपाशी वाकून तेच म्हणते आता. ठिणगे, विझायचं नाही हं."

 खिशात हात घातला, एक पेपरमिंटची गोळी होती. दिली. तिने घेतली. लहान पोरीसारखी तोंडात टाकली. चांगली आहे माझी सून. लग्नाच्या वेळी मी उगाच म्हणालो होतो फार बोलते म्हणून. आता बोलत नाही तर घर खायला उठतं.

१५ मार्च, शनिवार

कुलूपवाल्यांच्या नातवाचं रक्त साफ आलं! पहिल्यांदा. त्यांनी सगळ्यांना चहा पाजला. हातधुवा सिस्टरलासुद्धा. मी म्हटलं अभिनंदन, आणि मनापासून म्हटलं. मग घरी येऊन उगाच हिच्यावर ओरडलो. गॅसचं बटण तिरकं होतं म्हणून. नव्हतं तिरकं.

१७ मार्च, सोमवार

नाही! नाही! रक्तात नाही!

एकदा नाही आली म्हणजे पक्कं नव्हे, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. त्यांचं काम आहे ते म्हणायचं. मी मात्र दोन व्हॅनिलाच्या आईसक्रीमचे कप आणले. हिने एक खाल्ला, मी एक.  नुसता चमच्यांचा आवाज.

१९ मार्च, बुधवार

दुसऱ्यांदाही नाही. आता इथून पुढे औषध चालूच ठेवायचं, रक्त साफ असलं तरी. बुरशी लपून बसते म्हणे. म्हणून डोळे तपासायचे, हृदय, मूत्रपिंड, मेंदू. पोटावर थंड जेली लावून सोनोग्राफीचं यंत्र फिरवलं तेव्हा ठिणगीने तोंड असं केलं, हुबेहूब हिच्यासारखं! भाजीवाल्याने भाव सांगितला की ही करते तसं. मी बाहेर येऊन हिला सांगितलं. हिने तेच तोंड केलं.

२२ मार्च, शनिवार

डोळे ठीक. मूत्रपिंड ठीक. हृदय ठीक. डोक्यातलं ठीक.

चारदा विचारलं मी. चारदा ठीक म्हणाल्या. पाचव्यांदा म्हणाल्या, "आजोबा, हात धुवा आणि आत जाऊन बघा तिला." डॉक्टरीणबाईसुद्धा तसंच बोलायला लागल्या!

२ एप्रिल, बुधवार

घशातली नळी निघाली. आणि आवाज ऐकला तिचा! मांजराच्या पिल्लाएवढा. चिरंजीव भिंतीला डोकं टेकून रडले. हा मुलगा शाळेत हात मोडला तेव्हा रडला नव्हता. मी त्याच्या पाठीवर थोपटलं. किती वर्षांनी पाठीला हात लावला त्याच्या. रुंद झालीय.

९ एप्रिल, बुधवार

आज मला आत बोट लावू दिलं. पेटीला गोल भोक असतं, तिथून हात घालायचा.

माझा हात थरथरतो. बाहेर कुलूपवाल्यांना म्हटलं, मी नाही जात, तिला धक्का लागेल. त्यांचा नातू आता पेटीतून बाहेर, आईच्या कुशीत असतो, म्हणून ते फार अनुभवी झालेत. म्हणाले, "जा हो वायरमन. तारांना हात लावलात जन्मभर, आता पोरीला घाबरता?"

"तारेला हात लावताना रबरी हातमोजे घालतात."

"मग ही जास्त धोक्याची आहे, कबूल. जा."

कोपरापर्यंत धुतले. वाळवले. हात घातला. बोट तिच्या पाठीवर ठेवलं. थरथरत होतंच. तिने एक डोळा उघडला, माझ्याकडे बघितलं. बघितलंच, सिस्टर काहीही म्हणो. मग एवढी मोठी जांभई दिली की सगळा चेहराच जांभईत गेला, आणि झोपली.

बाहेर येऊन सांगितलं, "हात थरथरत होता तरी झोपली."

कुलूपवाले म्हणाले, "मग पाळणा झाला ना तुमच्या हाताचा!"

मी त्यांना घोरणारा माणूस म्हणून नावं ठेवली होती, वहीबाई. ते मागचं पान फाडून टाकू का? नको. असू दे.

१६ एप्रिल, बुधवार

कुलूपवाल्यांचा नातू घरी गेला! गोलमटोल झालाय. आजोबांवर गेलाय, गाडी सुरू व्हायच्या आत झोपला.

निघताना त्यांनी माझे दोन्ही खांदे धरले. म्हणाले, "वायरमन, आता इथे पुन्हा भेटायचं नाही हं आपण."

"नाही भेटायचं."

"भेटलो तर बोलायचंसुद्धा नाही!"

फोन नंबर घ्यावा म्हणून मी पेन काढलं, तर त्यांनी हात धरला. "नंबर नको. दवाखान्यातली ओळख दवाखान्यातच ठेवून जायची. बाहेर कुठेतरी रस्त्यात अचानक भेटू, दोन्ही पोरं चालत असतील. तेव्हा बघू कोण आधी ओळखतं."

मला पटलं. मला असलं लगेच पटतं. पेन खिशात ठेवलं. दोन्ही आज्या मात्र गळ्यात पडून रडल्या. त्यांनीही नंबर घेतला नाही. रडण्याच्या नादात राहिला म्हणे!

बाकावर आता फार जागा झालीय. मी उगाच त्यांच्या टोकाला बसून पाहिलं. तिथून आतलं दार चांगलं दिसतं. म्हणजे झोपेचं सोंग घेऊन सगळं बघत होते की काय!

११ मे, रविवार

ठिणगी घरी आली.

काल दिवसभर मी आणि ही नुसते एकमेकांच्या वाटेत येत होतो. हिने पुसलेलं मी पुसलं, मी पुसलेलं हिने. दाराशी साबण आणि पाण्याचं भांडं ठेवलं. शेजारीण बघायला आली तर मी म्हणालो, "आधी हात धुवा." ही मागून हसली. "आली बघा हातधुवा सिस्टर." म्हणू दे! शेजारणीने धुतले. कोपरापर्यंत धुवायला लावले.

चिरंजिवांनी तिला माझ्या मांडीवर ठेवलं. वायर नाही. नळी नाही. एकसुद्धा नाही. मला विचित्रच वाटलं, उगाच शोधत होतो कुठे काही जोडायचं राहिलंय का. सगळ्या तारा सुटलेल्या आणि तरी चालू! आपल्या आपण श्वास घेते. मी मोजत बसलो, तर सूनबाई म्हणाली, "बाबा, मोजू नका. घेईल ती." आणि मग स्वतःच वाकून बघितलं तिने, घेतेय ना म्हणून. दोघंही हसलो.

सूनबाई पुन्हा बोलायला लागलीय. संध्याकाळभर बोलत होती. डॉक्टरीणबाई कशा चालतात, कुठली सिस्टर कशी हसते, ठिणगीला कुठल्या कुशीवर झोप लागते. माझ्या टीव्हीतलं एक अक्षर ऐकू आलं नाही. बोलू दे. टीव्ही बंदच केला मी.

हिने विचारलं, "मग, आता निवांत?"

हो म्हणालो. तरी झोपण्याआधी बटणं तपासली. एकदाच. एकदाच, वहीबाई! एवढी प्रगती आहे.

२ जून, सोमवार

ठिणगीला तपासणीला नेलं होतं. वजन छान वाढलंय. हातधुवा सिस्टरने तिला घेतलं, गालाला गाल लावला, मग मला कोपऱ्यात बोलावलं.

कुलूपवाल्यांचा नातू परत आला होता. ताप, मग झटके. बुरशी हृदयाच्या झडपेत लपून राहिली होती, सगळ्या तपासण्यांतून सुटून. इथे जमणार नव्हतं म्हणून दुसऱ्या शहरातल्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. पुढचं तिला माहीत नाही. त्यांचा नंबर मला देता येत नाही, नियम आहे. माझा तिच्याकडे ठेवून आलो. पोचवते म्हणाली.

वहीबाई, जरा सरक. आज हे तुला नाही.

कुलूपवाले, बाळ कसं आहे? तुम्ही जेवता का? तिथल्या बाकावर शेजारी कोणी आहे का? रस्त्यात भेटायचं वगैरे राहू दे आता. मी तिथे येऊन बसतो, बोललो नाहीत तरी चालेल. बातमी कसली का असेना, लवकर कळवा.